खापरातले दूध आणि दातांतली ज्वारी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात इनामगावच्या उत्खननाविषयी लिहिताना तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या आहाराचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे: हे सारे कळले कसे? त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील इनामगावचे लोक तीन हजार वर्षांपूर्वी जव खात होते, असे आपण लिहिले आहे. पेवातले धान्यसुद्धा काही वर्षांत किडते. मग इतके जुने दाणे टिकले कसे, आणि ते जवाचेच हे कशावरून ओळखले? (एक वाचक, शिरूर)

उत्तर : साधे धान्य टिकतच नाही. ते किडते, बुरसते, उंदीर-घुशी नेतात. टिकतो तो जळालेला दाणा. भाजताना चुलीत सांडलेला, घराला आग लागली तेव्हा कणगीतच करपलेला किंवा शेणात मिसळून गोवरीबरोबर जळणात गेलेला दाणा, त्याला पुरेशी हवा मिळाली नाही तर, राख न होता कोळसा होतो. कोळशाला कीड लागत नाही आणि बुरशीही त्याच्या वाटेला जात नाही. शिवाय दाण्याची लांबी-रुंदी, पोटावरची खाच आणि अंकुराची जागा एवढे तपशील त्यात बऱ्याचदा शाबूत राहतात. म्हणजे ज्या गृहिणीच्या हातून तेव्हा दाणे करपले, तिचेच आपण आज ऋणी आहोत.

हे दाणे नुसत्या डोळ्यांनी मातीत सापडणे कठीण असते. त्यासाठी चुलीजवळची, राखेच्या खड्ड्यातली, घराच्या जमिनीवरची माती वेगवेगळी गोळा करून पाण्यात कालवतात. धान्य धुताना फोल वर यावे तसे कोळशाचे हलके कण वर तरंगतात. ते बारीक चाळणीवर घेऊन सावलीत वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजच्या धान्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. जवाचा दाणा मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो, तर गव्हाची पाठ अधिक गोलसर असते. सरावलेल्या अभ्यासकाला हा फरक कोळशातही दिसतो. मात्र दाणा फुगलेला किंवा फुटलेला असला तर त्यालाही चुकण्यास वाव राहतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या या गावी 1968 ते 1983 या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि त्याचा सविस्तर अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे इ.स.पू. 1600 ते 700 एवढ्या काळातील या वस्तीत जव हे मुख्य पीक होते. त्याखेरीज गहू, मसूर, कुळीथ आणि वाटाणा यांचे अवशेष तेथे मिळाले, आणि गाई-बैल व शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर हरणांचीही हाडे मिळाली. वस्तीच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे इ.स.पू. 1000 नंतर, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शिकारीवरचा भर वाढला, असे उत्खनकांना दिसले. पर्जन्यमान घटल्यामुळे हे झाले, असा अर्थ ढवळीकरांनी त्यातून लावला.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जळालेल्या दाण्यांची यादी ही आहाराची यादी नव्हे, तर आहारातील ज्या गोष्टींचा विस्तवाशी संबंध आला आणि ज्या त्यातून वाचल्या त्यांची यादी आहे. पालेभाजी, कंद, मध, दूध यांची नोंद तिच्यात जवळजवळ होत नाही, आणि भिजवून शिजवल्या जाणाऱ्या कडधान्यांची नोंद त्यांच्या खऱ्या वाट्यापेक्षा कमी होण्याचा संभव असतो. चुलीवर शिजणारा माठ किंवा अंबाडी कोणी कोळसा होईपर्यंत ठेवत नाही.

प्रश्न : इनामगावचे लोक भाकरी खात होते का? ज्वारी आणि बाजरी तर आपल्या मातीतलीच धान्ये आहेत, असे मी विद्यार्थ्यांना आजवर सांगत आलो आहे. (एक शिक्षक, सोलापूर)

उत्तर : विद्यार्थ्यांना यापुढे थोडे वेगळे सांगावे लागेल. ज्वारी पूर्व सुदानच्या परिसरात सुमारे 5000 वर्षांपूर्वी लागवडीखाली आली, बाजरी पश्चिम आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण कडेला, आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात. ही तिन्ही धान्ये पुढे समुद्रमार्गे आपल्याकडे आली. आपल्या मातीतले म्हणावे असे धान्य हवे असेल तर कुळथाचे नाव घ्यावे, कारण त्याची लागवड भारतातच सुरू झाली. आफ्रिकेतून आलेली धान्ये दख्खनमध्ये नेमकी कोणत्या शतकात रुजली, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, आणि त्याचे एक कारण असे की भारतातील जुन्या उत्खननांत नाचणी म्हणून नोंदवलेले कित्येक दाणे पुन्हा तपासल्यावर राळ्यासारख्या लहान तृणधान्यांचे असावेत असे दिसून आले.

येथे हाडांचे रसायनशास्त्र मदतीला येते, आणि आपल्या प्रश्नासाठी ते विशेष मनोरंजक आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये नेहमीच्या कार्बन-12 बरोबर थोडा जड कार्बन-13 असतो. गहू, जव, भात आणि सर्व कडधान्ये ज्या पद्धतीने अन्न तयार करतात तिला सी-3 म्हणतात. या वनस्पती जड कार्बन बराच टाळतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊस यांची पद्धत सी-4. या तो तितका टाळत नाहीत. शास्त्रज्ञांच्या मोजपट्टीवर पहिल्या गटाचे मूल्य साधारण उणे 26 च्या आसपास आणि दुसऱ्याचे उणे 12 च्या आसपास येते, आणि या दोहोंच्या मध्ये इतके अंतर आहे की एरवी गोंधळात टाकणारे निसर्गातले चढउतारही ते बुजवू शकत नाहीत. खाल्लेल्या अन्नातील कार्बन हाडांतील कोलॅजेन या प्रथिनात जातो, आणि त्यामुळे आयुष्यभर भाकरी खाणारा माणूस आणि आयुष्यभर भात खाणारा माणूस यांच्या सांगाड्यांची मूल्ये वेगळी येतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या हाडांवर ही पद्धत प्रथम वापरली गेली, ती त्यांच्या आहारात मका किती शिरला होता हे पाहण्यासाठी.

परंतु दख्खनमध्ये ही पद्धत वापरताना तीन अडचणी येतात. पहिली अशी की राळा, वरई आणि कोद्रा हीसुद्धा सी-4 धान्येच आहेत, तेव्हा हाड फार तर 'तृणधान्य खाल्ले' एवढेच सांगेल, 'ज्वारी खाल्ली' असे सांगणार नाही. दुसरी अडचण गुराढोरांची आहे. समजा एखाद्या कुटुंबाने स्वतः गहूच खाल्ला, पण त्याच्या म्हशी कडब्यावर पोसल्या गेल्या आणि घरात दूध-तूप भरपूर होते. तर कडब्यातला कार्बन दुधावाटे त्या माणसांच्या हाडांत येऊन बसेल. तिसरी अडचण हवामानाची. उष्ण प्रदेशात कोलॅजेन लवकर नष्ट होते, आणि युरोपातील थंड मातीत मिळतात तशी सुस्थितीतील हाडे आपल्याकडे क्वचितच मिळतात. म्हणून अलीकडे हाडाऐवजी दातावरचे कठीण आवरण तपासण्याकडे कल आहे, कारण ते अधिक काळ टिकते. इनामगावच्या हाडांतील स्ट्रॉन्शियम, जस्त अशा मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून मांसाहार आणि शाकाहार यांचा अंदाज घेण्याचा प्रयत्न 1980 च्या दशकातच झाला होता. त्या काळाच्या मानाने तो पुढचा विचार होता. पण जमिनीतले पाणी हाडात मुरून ही प्रमाणे बदलते, हे पुढे लक्षात आल्यामुळे आज त्या प्रकारच्या निष्कर्षांवर फारसे विसंबत नाहीत.

आता भाकरीविषयी. धान्य कळले म्हणजे पदार्थ कळला असे होत नाही. तेच जव भाजून सातूचे पीठ होते, भरडून कण्या होतात, शिजवून घुगऱ्या होतात. इनामगावात दळण्यासाठी पाट्यासारखे दगड होते; फिरते जाते आपल्याकडे त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले. पाट्यावर वाटलेल्या पिठाची जाडसर भाकरी थापता येत नाही असे नाही, पण ती थापली जात होती असे म्हणायला पुरावा नाही, आणि मला स्वतःला कण्या किंवा घुगऱ्यांची शक्यता अधिक वाटते.

प्रश्न : फुटक्या मडक्याच्या तुकड्यावरून त्यात दूध होते की मांस, हे प्रयोगशाळेत कळते, असे वाचले. भांडे तर त्या काळीही धूतच असतील. हे खरे आहे का? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : खरे आहे, आणि मातीच्या भांड्यात स्वयंपाक केलेल्या कोणालाही हे सहज पटावे. दुधाचे मडके वेगळे आणि कालवणाचे वेगळे, हा जुन्या घरांतला दंडक नुसत्या सोवळ्याचा नव्हता. झिलई नसलेले खापर सच्छिद्र असते आणि शिजताना सुटलेली स्निग्धता त्यात खोलवर मुरते. घासून पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण आत मुरलेले निघत नाही. तेच काही परिस्थितींत हजारो वर्षे राहते.

प्रयोगशाळेत प्रथम तुकड्याचा वरचा थर खरवडून टाकतात, कारण उत्खनन करणाऱ्यांच्या बोटांचे तेलही त्यावर लागलेले असते. मग आतल्या भागाचा एक-दोन ग्रॅम चुरा करून द्रावकाने स्निग्ध पदार्थ बाहेर काढतात आणि यंत्राने त्यातील मेदाम्ले वेगळी करतात. नुसत्या मेदाम्लांच्या नावांवरून फारसे कळत नाही, कारण पामिटिक आणि स्टिअरिक ही दोन मेदाम्ले तुपात, चरबीत आणि तेलात सगळीकडेच असतात. खरी उकल पुन्हा कार्बन-13 करतो. गाय, म्हैस, शेळी अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कासेत स्टिअरिक आम्ल तयार होत नाही. ते चाऱ्यातून आणि शरीरातील साठ्यातून येते. त्यामुळे दुधातील या आम्लात जड कार्बन त्याच जनावराच्या चरबीतल्यापेक्षाही कमी असतो, आणि या दोन मेदाम्लांच्या मूल्यांतील फरक पाहून दूध आणि चरबी वेगळी ओळखता येते. ब्रिस्टल विद्यापीठातील रिचर्ड एव्हरशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत पक्की केली.

आपल्याजवळचे उत्तम उदाहरण कच्छमधील कोटडा भाडली या हडप्पाकालीन लहान वस्तीचे आहे. तेथील उत्खनन डेक्कन कॉलेजनेच केले होते. तेथील 59 खापरांच्या तपासणीचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील काहींत दुग्धजन्य स्निग्धता स्पष्ट मिळाली. इ.स.पू. 2500 च्या सुमारास या भागात दूध तापवले जात होते, याचा तो थेट पुरावा. यातला मला सर्वांत आवडलेला भाग खापरांपलीकडचा आहे. गाई-म्हशींच्या दातांवरून त्यांचे वय काढले तेव्हा त्या बऱ्याच वयापर्यंत पाळलेल्या दिसल्या, तर शेळ्या-मेंढ्या लहानपणीच मारलेल्या. म्हणजे पहिल्या दुधासाठी आणि दुसऱ्या मांसासाठी. शिवाय गाई-म्हशींच्या दातांत सी-4 चारा उमटला होता, तो बहुधा तृणधान्यांचा. खापर, दात आणि वय हे तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, आणि असे जेव्हा होते तेव्हाच निष्कर्षावर भरवसा ठेवावासा वाटतो.

त्याच सुमारास हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील सिंधू संस्कृतीच्या वस्त्यांमधील 172 खापरांचाही अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात हे तीन साक्षीदार इतके एकमताने बोलले नाहीत. या वस्त्यांत डुकराची हाडे अगदी थोडी, दोन-तीन टक्के मिळतात; पण बऱ्याच खापरांतील मेद मात्र डुकरासारख्या रवंथ न करणाऱ्या प्राण्याच्या मेदाशी जुळणारा निघाला. वर्तमानपत्रांनी त्यावरून मथळे दिले. संशोधकांनी स्वतः मात्र एकाच भांड्यात अनेक पदार्थ शिजले, वनस्पतींचे तेल आणि प्राण्यांचा मेद मिसळला, तर मूल्ये अशी फसवी येऊ शकतात, हेही नमूद केले होते. एका मडक्यात महिनोन्महिने जे शिजते त्याची सरासरी खापर सांगते. कोणत्या दिवशी काय शिजले ते सांगत नाही.

प्रश्न : हडप्पाकालीन वांग्याची भाजी आणि हडप्पाकालीन लाडू यांविषयीचे संदेश आमच्या महाविद्यालयाच्या गटात फिरत आहेत. यात तथ्य किती? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : दोन्हींच्या मुळाशी खरे संशोधन आहे. हरियाणातील फरमाणा येथील मडकी, वाटण्याचे दगड आणि माणसांच्या दातांवरचे किटण यांवर मिळालेले स्टार्चचे सूक्ष्म कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तपासले. त्यांत हळद, आले आणि वांगे यांच्याशी जुळणारे कण आढळले, आणि ते 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक वनस्पतीच्या स्टार्चचा कण आकाराने थोडा निराळा असतो, आणि तो पाण्यात शिजला की फुगून त्याची मूळ घडण मोडते, म्हणून कच्चे-शिजलेले हेही काही अंशी कळते. त्या भाजीत मिरची, टोमॅटो आणि बटाटा नव्हता, हे मात्र पैजेवर सांगता येईल, कारण ही तिन्ही अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या नंतर आपल्याकडे आली. स्टार्च हा प्रकार फसवाही आहे: प्रयोगशाळेतील हातमोज्यांना लावलेल्या पावडरीत मक्याचा स्टार्च असतो आणि तो नमुन्यात शिरू शकतो, असे पुढे दाखवले गेले. म्हणून एखाद्या जुन्या दातावर मका 'सापडला' तर प्रथम हातमोजे तपासावेत.

लाडवांचे म्हणाल तर राजस्थानातील बिंजोर येथे 2017 मध्ये सात तपकिरी गोळे मिळाले आणि लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या तपासणीत त्यांत जव, गहू, हरभरा आणि तेलबिया यांचे मिश्रण आढळले. त्यांच्याजवळ बैलांच्या मूर्ती आणि तांब्याचे हत्यार होते, त्यामुळे तो नैवेद्य किंवा एखाद्या विधीचा भाग असावा असा संशोधकांचा कयास आहे. 'लाडू' हे नाव आपण दिलेले. मुटके म्हटले असते तरी चालले असते.

प्रश्न : कोकण-गोव्यातील प्राचीन लोक मासे खात होते, हेही असेच हाडांवरून सिद्ध करता येईल का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तत्त्वतः येईल. नायट्रोजन-15 चे प्रमाण अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर वाढत जाते, आणि समुद्रात लहान माशाला मोठा, मोठ्याला त्याहून मोठा खातो, अशा पायऱ्या पुष्कळ असल्यामुळे समुद्रातले मासे नियमित खाणाऱ्याच्या हाडात ते बरेच चढते. पण जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तीत हाड फार काळ राहत नाही. तेथे कालवे-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे ढीग, जाळ्याची वजने आणि बारीक चाळणीत सापडले तर माशांचे मणके, यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागेल.

प्रश्न : माझे बालपण बार्शीजवळच्या खेड्यात ज्वारीवर गेले आणि गेली बावीस वर्षे मी न्यू जर्सीत राहतो. हजार वर्षांनी कोणी माझा सांगाडा तपासला, तर त्याला यातले काय कळेल? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : प्रश्न गमतीने विचारला असला तरी शास्त्राच्या दृष्टीने नेमका आहे. दातावरचे आवरण बालपणी तयार होते आणि नंतर बदलत नाही. पहिल्या दाढेचे साधारण तीन वर्षांच्या वयापर्यंत, अक्कलदाढेचे पौगंडावस्थेपर्यंत. म्हणजे आपल्या दाढांत बार्शीची ज्वारी कायमची कोरलेली आहे, आणि पहिल्या दाढेच्या आतल्या थरांत तर आपण आईचे दूध केव्हा सोडले याचीही खूण आहे, कारण अंगावर पिणारे मूल नायट्रोजनच्या हिशेबात आईपेक्षा एक पायरी वर असते. हीच रीत वापरून प्राचीन वस्त्यांतील मुलांची दूध सोडण्याची वये काढली जातात. शिवाय दातांतील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर वाढलात, हेही ओळखता येईल.

हाडाचे तसे नाही. प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडातील कोलॅजेन हळूहळू, दहा-वीस वर्षांच्या कालावधीत बदलत राहते, तेव्हा आपल्या हाडांत आता मुख्यतः न्यू जर्सीच असेल. केसांत तर गेल्या काही महिन्यांचेच अन्न असते, कारण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो.

तेव्हा दातांत ज्वारी आणि हाडांत गव्हाचा पाव, असे स्पष्ट चित्र दिसेल, अशी आपली अपेक्षा असेल. पण अमेरिकेतील कोंबड्या आणि गुरे मक्यावर पोसली जातात, गोड पेयांत मक्याचा पाक असतो, आणि मका सी-4 आहे. आपण तेथे चारचौघांसारखे जेवत असाल तर आपली हाडेही ज्वारीच्याच बाजूला झुकतील, आणि हजार वर्षांनंतरचा संशोधक, हा गृहस्थ परदेशी जाऊनही भाकरीला चिकटून राहिला, असे समजून बसेल. मका की ज्वारी हा निकाल लावायला त्याला आपल्या दातांवरचे किटण आणि त्यात अडकलेले स्टार्चचे कण शोधावे लागतील. आपण दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून ते काढून घेत असाल, तर तोही पुरावा गेला.